काल राहनाळला कोण आलं होतं?

राकेशदादा,

तू भिक्खू होऊन चीवर घेतलंस त्या दिवशी आईनं तुला, पोटच्या मुलाला, गुडघे टेकून वंदन केलं होतं. पुढे चीवर उतरवून तू प्राध्यापक झालास, कुलगुरू झालास. तिच्यासाठी मात्र भंतेच राहिलास.

काल मतं मागायला आपल्या गावी, राहनाळला आलास आणि तिच्या पाया पडायला वाकलास, तर तीच तुझ्यापुढे गुडघ्यांवर बसली. फोटो निघेपर्यंत तू तिला उठवलं नाहीस. तू गोंधळला होतास, की मुद्दाम थांबलास? मला अजून उमगत नाही.

आज ती विचारते, "काल भंते आलेले, का आपला राकेश?"

"राकेशच, आये."

"मंग जेवल्याबिगर कसा गेला?"

मी तिचं ताट वाढलं. तुला समोर विचारायचं धाडस होत नाही.

तुझी बहीण,
धम्मदिना