शनिवारचं कोर्सवर्क

रेल्वे कॉलनी, आलमबाग, लखनौ
२४ फेब्रुवारी २०१३

ती. विनयाताई,

नरहरचा लांबून, पण वाकून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? दाजींचा खोकला थांबला असेल तर हे पत्र त्यांना दाखवू नकोस. हसले की पुन्हा सुरू होतो. आम्ही मजेत (म्हणजे पद्मिनी मजेत).

तुझ्या भावजयीने पंचेचाळिसाव्या वर्षी अकाउंटिंगमध्ये एम.कॉम.ला नाव घातलं, हे तुला ठाऊकच आहे. मला वाटलं, पुस्तकं आणायची, पेपर द्यायचे, झालं. पण त्यात 'कोर्सवर्क' नावाचा प्रकार असतो. ऑडिटिंग सक्तीचं, कॉस्टिंग सक्तीचं, संख्याशास्त्र सक्तीचं, इथवर मी गप्प होतो. मग गटाने करायचा प्रोजेक्टही सक्तीचा निघाला आणि त्यासाठी दर शनिवारी वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत जाणं! तेही ठेवणीतली मोतिया साडी नेसून. (ऑडिटला मोतिया कशाला?) एकदा फोन मी उचलला, तर पुरुषी आवाज. "पद्मिनीजी हैं? अनीश बोल रहा हूँ. कोर्सवर्क था." मी विचारलं, "कौन-सा?" पठ्ठ्याने फोनच ठेवला.

ताई, मी संशयी नाही. पूल तपासायची नोकरी. तडा दिसला की जवळ जाऊन बघायचं, एवढीच सवय. म्हणून गेल्या महिन्यात एका शनिवारी तिच्या टेम्पोमागच्या टेम्पोत बसलो (इथे सहा आसनी रिक्षाला टेम्पो म्हणतात). ती एका इमारतीत शिरली. मी माकडटोपी घालून गेटजवळच्या कण्हेरीआड उभा. तेवढ्यात गार्डाने मागून कॉलर धरली. "किसको ताक रहे हो, अंकल?" मी इंजिनिअर आहे म्हटल्यावर त्याने पकड आणखी आवळली. गलका ऐकून पद्मिनी खाली आली, मागे गटातली पोरं. अनीश म्हणजे नुकतं मिसरूड फुटलेला चष्मेवाला, हातात अर्धा समोसा. गार्ड म्हणाला, "मैडम, ये आपके साथ हैं?"

तिने मला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं आणि शांतपणे म्हणाली, "अभी जाँच चल रही है."

परतीच्या टेम्पोत ती वही चाळत बसली. आलमबाग आल्यावर मात्र बोलली. "कॉस्टिंगमध्ये नापास झाले मी. तुम्ही 'घरी बस' म्हणाला नसतात, पण तुमचा चेहरा म्हणाला असता. प्रोजेक्ट झाला की ती पोरं मला शिकवतात. निदान त्यांच्यासमोर गबाळं दिसू नये, म्हणून साडी."

मला फार ओशाळल्यासारखं झालं. मी चेहरा रस्त्याकडे फिरवला (तो पुन्हा काही बोलायला नको).

आता दर शनिवारी मीच तिला पोचवतो आणि खाली गार्डाशेजारी बसतो. माणूस सज्जन आहे, पण अजून माझ्यावर नजर ठेवून असतो.

दाजींना नमस्कार, पोरांना त्यांना चालेल ते.

तुझा,
नरहर

ता. क. पत्र इथे संपलं असं समजू नकोस. पुढच्या वर्षी महिनाभर सीएच्या ऑफिसात काम करणं सक्तीचं आहे. तिने सांगली निवडलीय, मुक्काम तुझ्याकडे. लखनौत सीए नाहीत का? तू तिला कळव, घरात रंगकाम काढलंय म्हणून.

ता. ता. क. रंगकामाचं राहू दे, तिला खोटं लगेच कळतं. येऊ दे तिला. फक्त तुझ्या माडीवर दोन गाद्या मावतात का, तेवढं मला ऑफिसच्या पत्त्यावर कळव.