आपले लांबट डोळे

पूर्णा, ३ जुलै २०२५

प्रिय ताई,

सप्रेम जयभीम. इकडे सगळे मजेत. कॉलेजात प्रवेशांची धांदल आहे. राणीसावरगावला पेरणी उरकली का? तुझ्याकडे आईचा गुडघा कसा आहे?

बुद्धपौर्णिमेला मी आले नाही म्हणून तू अजून फुगून आहेस. पेपर तपासायचेत असं मी कळवलं होतं. पेपर होते, पण ते कारण नव्हतं.

त्याआधी चष्म्याचा नंबर बदलायला परभणीला गेले होते. डॉक्टर मनिषांनी डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढला, तर यंत्रानं नसेच्या जागी लाल दाखवलं. लाल म्हणजे नस झिजल्याची शंका. त्या म्हणाल्या, "एका फोटोवर ठरत नसतं, काही महिन्यांनी पुन्हा बघू." मला फक्त लाल ऐकू आलं. काचबिंदूनं अशीच नस झिजून आईची नजर गेली तेव्हा आपण दोघी घरातच होतो ना!

ताई, तेव्हापासून मी घरात डोळे मिटून चालायला शिकत होते. भिंत चाचपत, आई चालते तशी. तिच्यासमोर यायचा धीर होईना.

काल पुन्हा गेले. या वेळी डोळ्याची लांबीही मोजली. बाहेर रांगेतल्या एक कासाबाई ओरडल्या, "डोळा मोजायलेत का वावर? लय येळ झाला!" तेव्हा हसू आलं नाही. आता थांबत नाही.

दोन्ही फोटो शेजारी ठेवले. तसूभर फरक नाही. कडेचं दिसतं का, ती तपासणीही निर्दोष.

"तुमचा डोळा लांबट आहे, म्हणून तर एवढा जाड चष्मा," डॉक्टर म्हणाल्या. "अशा डोळ्यात नसेचे जाड धागे जरा सरकून जातात. यंत्र त्यांना ठरल्या जागी शोधतं, सापडले नाहीत की लाल करतं. त्याला सरासरी डोळे माहीत आहेत, तुमचे नाहीत."

चूक तर होत नाही ना, असं मी पुन्हा पुन्हा विचारलं.

"मॅडम, आजार पाहिजेच आहे का तुम्हाला?"

नको, ताई, नको! बसस्थानकापर्यंत चालत आले आणि वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचली. लोक वळून बघायलेत, बघू देत.

वर्षातून एकदा तपासत राहीन. पण आईचा आजार लेकींत उतरू शकतो, मी सुटले म्हणून तू सुटलीस असं नाही. तुला चष्मा नाही, म्हणून तू कधी दाखवलंच नाहीस. रविवारी येते आणि सोमवारी तुला परभणीला नेते. भांडू नकोस.

आईला यातलं काही सांगू नको. तिचा हात धरून तिला अंगणभर फिरवणार आहे, भिंतीला हात न लावता.

डोळे उघडे ठेवून येणारी,
तुझी सुकेशनी