उघड्या खिडक्यांतली मोजणी

बॉबलिंगेन, जर्मनी, १८ ऑगस्ट २०१६

प्रिय चारूदादा,

रविवारी कौमुदीकडे पूजेला भेटलो, पण तुझ्याशी बोलायला तोंड उघडेना. फोनवर तू मला दोन वाक्यांत गप्प करतोस, म्हणून लिहिते आहे.

आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. माझ्या अर्जातलं जर्मन तू तपासलंस, तुझ्या वोनवागनच्या, म्हणजे आत राहता-झोपता येणाऱ्या गाड्यांच्या, कारखान्यात आतली हवा मोजायचं काम मिळवून दिलंस. पहिल्या हिवाळ्यात नीतावहिनींनी स्वतःचा कोट मला घातला. इथे मला मोठा भाऊ आहे, असं मी आईला सांगायचे.

मार्चमध्ये नव्या मॉडेलची मोजणी मीच केली. गाडी बारा तास बंद ठेवून आतली हवा घेतली. प्लायवूडच्या गोंदातून सुटणारं, डोळे आणि छाती जाळणारं फॉर्माल्डिहाइड मर्यादेच्या दुप्पट निघालं. मी घाबरून तुझ्याकडे धावत आले, तर तू हसलास. "अगं वेडाबाई, सुट्टीवर गेलेली माणसं खिडक्या उघडतातच ना? गेनाऊ, अगदी बरोबर! मग तशीच मोज." दोन तास सगळं उघडं ठेवून पुन्हा मोजलं. आकडा मर्यादेत बसला. मला पटलं नव्हतं, दादा. तू सांगितलंस म्हणून सही केली.

तीच गाडी माझ्या जिवलग कौमुदीने घेतली. घेताना मला विचारलं होतं तिने. तिचा कबीर चार वर्षांचा आहे, दम्याचा पंप लागतो त्याला. मी म्हटलं, अहवालावर माझीच सही आहे, घे.

रविवारी गाडीची पूजा आतच मांडली होती. वाऱ्याने निरांजन विझत होतं, म्हणून कुंदामावशींनी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. बाहेर ऊन. आरती होईपर्यंत सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लागले, कबीर खोकत सुटला. "धूप फार झाला गं," म्हणून बायका हसल्या. तो वास धुपाचा नव्हता. आणि तू तुझ्या लेकीला, अन्वीला, कडेवर घेऊन बाहेरच उभा होतास.

प्रसाद वाटताना मी वहिनींना सहज म्हटलं, अन्वी आत आली नाही. त्या म्हणाल्या, "अगं, हे फार काळजी करतात. आमचीही हीच गाडी, ती दीड महिना खिडक्या उघड्या टाकून अंगणात ठेवली होती, आणि अन्वीला अजून तिच्यात झोपू देत नाहीत."

म्हणजे तुला ठाऊक होतं. मला वाटत होतं, तू चुकलास. चुकला असतास तर मी तुझ्याबरोबर चुकीची वाटेकरी झाले असते, आनंदाने.

शनिवारी कौमुदी तीन आठवडे इटलीला निघणार होती, कबीर त्याच गाडीत झोपणार होता. आज जाऊन मी तिला थांबवलं. मार्चमधल्या पहिल्या मोजणीचा कागद तू फाडलास, पण तो आकडा यंत्रात आहे. उद्या सकाळी दोन्ही मोजण्या मी सरकारी कचेरीत देते आहे, माझ्या सहीची कबुली जोडून. नोकरी जाईल, कदाचित व्हिसाही. पण हे पत्र त्यासाठी नाही. कौमुदीने मला एकच विचारलं, "चारूदादांना माहीत होतं का?" मी म्हणाले, मला ठाऊक नाही. तुझ्यासाठी एवढं एक खोटं बोलले, यापुढे जमणार नाही. ती उद्या दिवसभर घरी आहे. तिला खरं उत्तर तू जाऊन दे.

अजून तरी तुझीच,
सुकन्या