दाढ शांत झाली तेव्हा

३ जानेवारी

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत असतेस, म्हणून लिहिते. गणवेशांचं शिवण आलंय, मशीनवरून उठायला फुरसत नाही. एक गंमत सांगते. उजवीकडची खालची दाढ गार पाण्यानं कळवळते. शेजारच्या मावशी म्हणाल्या, लेक दातांची डॉक्टर आणि आई गाल धरून बसलीय, दिव्याखाली अंधार! मी ठणकावलं, लेक आली की तिच्याच हातून करून घेईन.

तुला पुढचं शिकायला जाऊन दोन वर्षं होतील. अजून चहा दोघींचाच टाकला जातो. दुसरा कपही मीच पिते.

आहे तेवढा लोभ पुरत नाही, वाढव.
तुझी आई

९ जानेवारी

ति. आईस, सा. न. वि. वि.

मावशींना माझा दंडवत सांग आणि मी विचारते ते नीट बघ. गार घोट गिळल्यावर कळ लगेच जाते की रेंगाळते? काही न खाता-पिता आपोआप ठणकते का? चमच्याच्या दांड्यानं हळूच टकटक केल्यावर दुखते का?

दात वरून दगडासारखा, पण आत मऊ गर असतो. त्यातच नस आणि रक्त. कळ दोन-चार सेकंदांत विरली, तर गर नुसता चिडलेला असतो, कीड काढून दात भरला की शांत होतो. कळ मिनिटभर रेंगाळली, तर तो गर सावरत नाही. मग तो काढून मुळांच्या नळ्या साफ कराव्या लागतात.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जा. परीक्षेपर्यंत मला रजा नाही. इथं रोज परक्यांच्या आयांचे जबडे उघडते आणि तुझी दाढ मात्र पत्रातून तपासते.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
ठमी

२१ जानेवारी

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा घोट गिळून सुईत दोरा ओवला तरी ठणका जात नव्हता. मुकाट्यानं डॉक्टरांकडे वेळ घेतली. पण परवापासून दाढ एकदम गप्प! गार पाणी, कढत चहा, काही कळत नाही. फक्त चावताना जरा उंच लागते. वेळ रद्द केली. आता सावकाश तूच बघ.

परीक्षा संपल्यावर किती दिवस येशील? तसं पडदे धुवायला काढीन.

जीव लावून आहे, विसरू नकोस.
तुझी आई

२६ जानेवारी

ति. आईस, सा. न.

फोन केला तर मशीन चालू आहे म्हणून ठेवून दिलास. म्हणून लिहिते. दाढ बरी झालेली नाही. आतला गर मेलाय, म्हणून दुखत नाही. आता ती घाण मुळाच्या टोकातून हाडात उतरेल. चावताना उंच लागते ती त्याचीच खूण. पत्र मिळताच जा. माझी वाट बघू नकोस.

तुझी,
ठमी

४ फेब्रुवारी

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या सकाळी गाल फुगून आला होता. गेले. डॉक्टरांनी गार बोळा आधी चांगल्या दाताला लावला, मी दचकले. मग दाढेला लावला, काहीच नाही. फोटोत मुळाशी काळी सावली दिसली. नळ्या साफ केल्या, सूज उतरली. अजून एक खेप आहे. उशीर केलात म्हणून बोलले, पण दाढ वाचेल म्हणाले.

खरं सांगू? दुखत होती तोवर वाटायचं, या निमित्तानं तरी तू येशील. मेली गप्प झाली तेव्हा आधी सुटल्यासारखं झालं, मग कसंतरीच वाटलं. आता तीही वाचली. तुला बोलवायला काही उरलं नाही गं.

अभ्यास कर. आशीर्वाद आहेतच.
तुझी आई

९ फेब्रुवारी

ति. आईस, सा. न. वि. वि.

पत्र विभागातच वाचलं. पुढच्या पेशंटला थांबवून खिडकीपाशी उभी राहिले. मग विभागप्रमुख मॅडमकडे रजा मागायला गेले. त्यांनी विचारलं, घरी कोण आजारी आहे? म्हटलं, कुणी नाही, आईकडे जायचंय. त्यांनी अर्जावर सही केली.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. चारच दिवस आहेत, पडदे धुण्यात घालवू नकोस.

तुझी,
ठमी