उशीतली नथ

२१ नोव्हेंबर, गुरुवार. इचोडा

जायचं नेरडीगोंड्याला, वहिनीच्या माहेरी, आणि उतरले इचोड्यात! खिडकीतून ढाब्यावरच्या मिरची भज्या दिसल्या. मग काय! खाता खाता शेवटची बस गेली, आता रात्रीचा मुक्काम इथंच.

पण पर्समध्ये नथ आहे. वनमाला वहिनीची, सोन्याची. रविवारी तिच्या बहिणीचा, दीपमालाचा साखरपुडा. त्याआधी शनिवारी तिथला सोनार नथीला चाप बसवणार. वहिनीनं ती माझ्या हाती दिली तर आई ओरडलीच— "हिच्या हाती? झुमका विसरली का?"

झुमका! दोन वर्षं झाली. नागपूरहून येताना बस बिघडली, सगळे इथंच लॉजवर थांबलो, आणि घरी पोचलो तर वहिनीचा एक मोराचा झुमका गायब. पिशवी माझ्याकडे होती, म्हणून मीच हरवला! तेव्हापासून घरात मला कुणी कुलपाची किल्लीसुद्धा देत नाही.

वहिनीला फोन केला. हसली. "तवा थांबलो होतो त्या सोजरबाईच्याच लॉजवर ऱ्हाय, बाईमाणूस हाय. कडी लावजो. अन् नथ उशीत घाल. शिवण उसव, कापसात खुपस, चार टाके मार. मी तसंच करतो. निघताना आधी उशी, मग चप्पल!" हे शेवटचं तीनदा सांगितलं.

सात नंबरची खोली. कडी लावली. कडीवर स्टीलचा गिलास— कुणी दार ढकललं की खणखणाट! दाराला खुर्ची, खिडकीला ओढणी. भिंतीवर पाटी आहे, 'किमती सामान काउंटरवर द्यावे'. देते कशाला? माझ्याकडे उशी आहे!

२२ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी

गिलास पडला. मीच पाडला. बंदोबस्त पक्का आहे!

तोच दिवस, संध्याकाळी

सकाळी "जरा बाजार बघते" म्हणून निघाले. कापसाच्या गाड्यांची रांग बघत बसले, एका गाडीवाल्यानं वरसुद्धा चढू दिलं— मऊ मऊ! दुपारी परत आले तर खाट उघडी. गादी नाही. उशी नाही!

काउंटरवर सोजरबाई शांत. "नवा कापूस आला नं पोरी. दर साली या हप्त्यात गाद्या-उश्या पिंजायले जातेत, गुडीहत्नूरले. काऊन?"

"उशीत नथ हाय!"

"मंग ते पाटी मी शोभेले लावली का?"

पण बोलता बोलता पदर खोचला, गल्ल्याला कुलूप घातलं, स्कूटी काढली. "बस मांगं!" साठीची बाई, पण अशी पळवते की ट्रकवाले बाजूला होतात! डोळ्यांसमोर पिंजायची मशीन, तिचे दाते, नथीच्या मोत्यांचा भुगा. रडायला हवं होतं. हसूच येत होतं— वारा, हॉर्न, आणि सोजरबाईच्या शिव्या, अर्ध्या ट्रकवाल्यांना, अर्ध्या मला!

पिंजारी मस्तानचाचा दारातच भेटला, भुवयांवर कापूस. "मशीन में डालने के पहले हर तकिया हाथ से टटोलता मैं. एक खिळा गया तो दातां टूट जाते." बिस्किटांचा डबा उघडला. वरच नथ! मी नाचले. खरंच नाचले, सोजरबाईचा हात धरून.

"दुनिया तकिये में छुपाती, भूल जाती," चाचा म्हणाला. "कोई पूछने आया तो देता, नहीं तो डिब्बे में." डब्यात किल्ल्या, एक अंगठी, ताईत. आणि तळाशी झुमका. एकच. मोराची मान तुटलेली. आमचाच!

२३ नोव्हेंबर, शनिवार. नेरडीगोंडा

नथ पोचली. चाप बसला. दीपमाला नाकात घालून शिंकली! झुमका ओढणीत बांधलाय. उद्या घरचे आले की आईसमोर ठेवणार, आणि मग एकेकाकडे बघणार!

२४ नोव्हेंबर, रविवार

आधी वहिनीलाच दाखवला, माजघरात. तिनं तो हातात घेतला. मग हळू म्हणाली, "झुमका मीच उशीत ठेवला होता, मले बसमधीच आठवलं होतं. अर्ध्या रस्त्यात. सासूबाईच्या भेवानं तोंड नाई उघडलं. तू बोलणी खाऊन राह्यली अन् मी आयकून राह्यली... म्हणून तं नथ तुह्याच हाती देली." तिनं बटव्यातून दुसरा झुमका काढला, दोन्ही कानांत घातले, आणि सरळ आईसमोर जाऊन उभी राहिली.