दोन खांबांवरची गाडी

४ मार्च

चि. भावजींना अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र पोचलं. मायन्यात ‘सौ.’ लिहून मग खोडलंत, ते दिसलं. मनाला लावून घेऊ नका, मला काही वाटलं नाही. हल्ली कशाचंच काही वाटत नाही. जेवते, झोपते. शेजारीण येऊन रडते, मी तिला पाणी देते.

लिहायचं कारण गाडी. तुमच्या दादांनी त्या दिवशी गॅरेजात दोन खांबांच्या लिफ्टवर चढवली, ती अजून वरच आहे. ऑइल बदलून झालं, हात धुवायला आत आले आणि बेसिनपाशी बसले ते बसलेच. साबणावर त्यांच्या बोटांचे काळे डाग आहेत. तोच साबण मी वापरते.

लेक म्हणते, गाडी विक, घर आवर आणि माझ्याकडे ये. मी हो म्हटलं. सगळ्यालाच हो म्हणते. पण गाडी खाली येईना. मेकॅनिकला बोलावलं. त्यानं तुम्हा भावांची कारागिरी पाहिली, टायर कापून केलेल्या गाद्या, खांबाला ठोकलेला पत्र्याचा ट्रे, सायकलच्या ब्रेकची तार, आणि कानाला हात लावले. लिफ्ट ओळखीची आहे म्हणाला, पण हिचे हे दागिने ओळखीचे नाहीत. गॅरेजला मी सवत म्हणायचे ते खोटं नव्हतं, दागिने तिलाच जास्त झाले.

निम्मे दागिने तुमच्या लेथवर घडलेत, तेव्हा उतरवायचं कसं ते कळवा. येऊ मात्र नका. कुणी आलं की चहा करावा लागतो, बोलावं लागतं.

लोभ असू द्यावा, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

वहिनी

११ मार्च

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

येऊ नका म्हणालात, म्हणून बसलोय इथेच. नाहीतर पत्राआधी मीच पोचलो असतो. कारखान्यात कुणाशी बोलत नाही म्हणून साहेबांनी मला ‘मुका’ नाव ठेवलंय. मला! दादा असता तर पोट धरून हसला असता.

आता गाडीचं. घाबरू नका, ती पडणार नाही. दोन्ही खांबांत लोखंडी खटके आहेत आणि सगळं वजन त्यांच्यावर टेकलंय. वजनाखाली दाबलेले असतात तोवर ते सुटत नाहीत, म्हणून उतरवायच्या आधी गाडी बोटभर वर उचलायची. खाली काही नाही ना ते बघा. मोटरचं हिरवं बटण जरासं दाबा, मग तारेची मूठ ओढून धरा. एका मुठीनं दोन्ही खटके सुटतात, ही करामत आम्हा दोघांची. मूठ न सोडता दुसऱ्या हातानं काळा दांडा दाबा. हळूहळू खाली येईल.

जमलं तर कळवा. नाही जमलं तरी कळवा. तुमच्या चार ओळींनीही इथे बरं वाटतं.

तुमचा धाकटा दीर

१९ मार्च

चि. भावजींना अनेक आशीर्वाद.

नाही जमलं. बटण दाबलं, गाडी बोटभर वर गेली. मूठ ओढली तर नुसती मूठच हातात आली. काळा दांडा दाबला तशी गाडी खट करून पुन्हा खटक्यांवर बसली. मी खालीच उभी राहून वर बघत होते. भीतीसुद्धा वाटली नाही, तेव्हा मात्र स्वतःची काळजी वाटली. माणूस असं दगड होऊन राहतं का हो?

मूठ लोखंडी आहे, जाडजूड. माझ्या दोन हातांत मावत नाही. एवढंच.

वहिनी

२६ मार्च

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

माझ्या डोक्यात काय भुसा भरलाय! ती लोखंडी मूठ जुनी. दादानं तार काढून नव्या मुठीला जोडली होती. नवी लाकडी आहे, उजव्या खांबावर, तुमच्या खांद्याच्या खाली असेल.

आता एक गोष्ट सांगतो, रागवायचं तर माझ्यावर रागवा. दादानं ती मूठ माझ्याकडून करून घेतली, तेव्हा माप म्हणून पार्सलनं तुमचं लाटणं पाठवलं होतं. सोबत चिठ्ठी, एवढ्याच जाडीची कर, तिच्या हाताला हीच बसते. मी त्याला चिडवलं की वहिनी गॅरेजात पाय ठेवतील त्या दिवशी सूर्य पश्चिमेला उगवेल. त्याचं उत्तर आलं, कधीतरी येईल, आली तर हाताला लागू नये.

लाटणं परत पाठवायचं राहून गेलं. माझ्या हत्यारांच्या खणात आहे.

काम झालं की कळवा. मला इथे चैन नाही.

तुमचा धाकटा दीर

२ एप्रिल

चि. भावजींना अनेक आशीर्वाद.

मूठ सापडली. मला ती खुंटी वाटली होती. त्यांचा कामाचा सदरा मीच तिथे टांगला होता. तो काढून खांद्यावर टाकला, बटण दाबलं आणि मूठ धरली. भावजी, मला काही कळायच्या आत हाताला कळलं. ते लाटणं त्यांनी हरवलं समजून मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. त्याआधी वस्तू सांभाळता येत नाहीत, काय काय बोलले. ते निमूटपणे जाऊन नवं घेऊन आले. त्याची अजून सवय नाही झाली मला.

गाडी आली खाली. चाकं जमिनीला टेकली आणि मी तिथेच फतकल मारून रडले, मोठमोठ्यानं. शेजारीण धावत आली. या वेळी पाणी तिनं दिलं.

लेकीला कळवलंय, इतक्यात येत नाही. गाडीही इतक्यात विकत नाही. साबण मात्र संपत आलाय, त्याचं वाईट वाटतंय. वाटतंय, हे तुम्हाला सांगायचं होतं.

लोभ आहे तसाच ठेवा. आणि लाटणं पोस्टानं पाठवू नका. स्वतः घेऊन या. चहा करीन.

वहिनी