उघड्या मुळांचं झाड

आई, तू गेलीस तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, आता एकवीसचा आहे, आणि ताईकडे ॲथलोनला राहतो. आयर्लंडच्या बरोबर मधलं गाव, सकाळी खिडकीबाहेर नदीवरचं धुकं इतकं हळू सरकतं की आपणच सरकतोय असं वाटावं. कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलं. सगळं ऑनलाइन झालं होतं, एका सरांशी स्क्रीनवरच भांडलो आणि लॅपटॉप आपटून मिटला तो त्या वर्गात परत उघडला नाही. तू असतीस तर चार दिवस अबोला धरला असतास. ताई चार महिने बोलतेच आहे.

पण लिहायला बसलो ते झाडाबद्दल. शेजारी एक नागपूरची डॉक्टर राहायची. जानेवारीत तिची कासलबारच्या हॉस्पिटलात बदली झाली, तिथल्या खोलीला धड खिडकी नव्हती, म्हणून जाताना तिने तिचं ऑर्किड माझ्या हातात दिलं. लाकडी पट्ट्यांची टोपली, माती नाहीच, मुळं नुसती हवेत लोंबणारी. "बादलीत वीस मिनिटं बुडवायचं, मुळं हिरवी झाली की टांगायचं. परत चांदीसारखी होईपर्यंत हात लावू नको," ती म्हणाली. मी तिच्या मास्कवरच्या डोळ्यांकडे बघत होतो. कासलबार दोन तासांवर, आणि लॉकडाउनमुळे घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी. तिचं म्हणून माझ्याकडे उरलं ते एवढंच.

मला ती उघडी मुळं बघवेनात. नारळाचा काथ्या आणून टोपलीत ठासून भरला. आणि रोज अंघोळ झाली की तांब्याभर पाणी, तुझ्या तुळशीला घालायचो तसं. ताई म्हणायची, "अरे, आता प्रदक्षिणा तेवढी घालायची राहिलीय."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"झाडातलं नाही कळत. तुझं कळतं."

फेब्रुवारीच्या शेवटी पानं पिवळी पडली. मूळ दाबलं तर पिचकन तपकिरी पाणी आलं. मी टोपली सिंकमध्ये अशी आदळली की एक पट्टी मोडली, मग तिथेच फरशीवर बसून राहिलो. आणि तू आलीस. मी सात वर्षांचा आहे, तू ओट्यावर दूध विरजून झाकण ठेवतेस, मी दर थोड्या वेळाने झाकण काढतो, पातेलं हलवतो, बोट घालतो. संध्याकाळी पातेल्यात नुसतं आंबूस दूध. तू ओरडत नाहीस. पातेलं माझ्यासमोर ठेवतेस आणि म्हणतेस, "तुला दही नको होतं रे. तुला ते लागताना बघायचं होतं." त्या वेळी मला फक्त राग आला होता.

डॉक्टरला फोन करून सगळं सांगितलं.

"पाणी किती देऊन राहिला होता तू?"

"रोज."

"रोज? या थंडीत? अन् तो काथ्या?"

"मीच भरला. उघडी बरी नाही वाटत."

ती हसली. "त्याले हवा लागते ना, बावळटा. कात्री उकळत्या पाण्यात धू, मऊ झालं ते सगळं काप. काथ्या काढ. दर रविवारी विचारीन मी."

चार मुळं वाचली. नळाच्या पाण्याचा पांढरा थर बसतो, म्हणून आता अंगणात बादली ठेवून पावसाचं पाणी धरतो. टोपली बुडवतो तेव्हा करडी मुळं पाण्याखाली हळूहळू हिरवी होत जातात, आणि ती वीस मिनिटं मी कुठे असतो मला सांगता यायचं नाही. मग टांगायचं आणि तीन-चार दिवस खिशातून हात बाहेर काढायचे नाहीत. ते अवघड आहे. रविवारी दुपारी तिचा फोन येतो. दोन मिनिटं मुळांबद्दल, मग तासभर बाकीचं: वॉर्डातली माणसं, तिच्या आईचा पोह्यांवरून चाललेला वाद, काहीही झालं तरी 'ग्रँड', म्हणजे मस्त चाललंय, म्हणणारी तिथली नर्स. झाड बरं होतं तेव्हा ती कधी फोन करत नव्हती.

हा कागद कुठे पाठवणार, ओट्याच्या ड्रॉवरमध्ये राहील. तुला खोटं खपायचं नाही, म्हणून तेवढं लिहून टाकतो. दोन मुळांना हिरवी टोकं फुटून पंधरा दिवस झाले. परवाच्या रविवारी तिने विचारलं, "काही फुटलं का रे?" मी म्हणालो, अजून नाही.